केसपेपरवरचे दोन चौकोन

२०२५ च्या जुलै महिन्यातील एका सकाळी प्रस्तुत लेखक नवी मुंबईतील एका रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभा होता. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने प्रसूती विभागाच्या रांगेत उभे राहावे असे काही कारण नव्हते. परंतु माझी एक जुनी विद्यार्थिनी देहव्यापारातून सोडवलेल्या व्यक्तींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे, आणि आदल्या रात्री तिचा फोन आला होता. ‘सर, उद्या एकाला तपासणीसाठी न्यायचे आहे. बरोबर कोणी वयाने मोठा पुरुष असला की खिडकीवरची माणसे जरा नीट बोलतात. याल का?’

ज्याला न्यायचे होते त्याचे वय जेमतेम बावीस-तेवीस. अंगात सैलसर शर्ट, विजार, डोक्यावर टोपी. ओळख पटेल असा कोणताही तपशील येथे देणार नाही. एवढे सांगणे पुरे की जन्मल्यावर घरच्यांनी आणि दाखल्यांनी त्याला मुलगी म्हटले होते, आणि कळू लागल्यापासून तो स्वत:ला मुलगा समजत आला होता. घरात लग्नाचा घाट घातला गेला तेव्हा तो गाव सोडून पळाला. मुंबईत रखवालदाराची नोकरी देतो असे सांगणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर तो आला आणि महामार्गालगतच्या एका लॉजमध्ये कोंडला गेला. पुढचे सांगण्याची आवश्यकता नाही. सुटका झाली तेव्हा तो गरोदर होता. संस्थेच्या डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणे बावीस आठवडे झाले होते.

खिडकीवरील कारकुनाने आधार कार्ड पाहिले, समोरच्या माणसाकडे पाहिले, पुन्हा कार्ड पाहिले. ‘पेशंट कुठे आहे?’ ‘मीच.’ ‘अहो, हे बाळंतपणाचे आहे.’ ‘मीच आहे.’ कारकून दुष्ट नव्हता. सकाळपासून शे-दीडशे केसपेपर लिहून थकलेला तो एक गृहस्थ होता. पण कागदावर दोनच चौकोन होते, आणि कोणत्या चौकोनात खूण करायची हे त्याने शेजारच्या खिडकीला मोठ्याने विचारले. शेजारच्या खिडकीने जे उत्तर दिले त्यावर रांग हसली. पुढे तपासणीच्या दाराशी सिस्टरांनी नवऱ्याचे नाव विचारले. आम्ही दोघे त्यांना बाजूला घेऊन काही सांगू लागलो, तेवढ्यात तो मागच्या मागे निघून गेला. यात मी स्वत: निर्दोष आहे असे नाही. त्या अर्ध्या तासात त्याच्याविषयी बोलताना मी दोनदा ‘ती’ म्हणालो, आणि दोन्ही वेळा त्याने ते ऐकले.

बावीस आठवडे हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. गर्भपाताविषयीचा आपला १९७१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारण्यात आला. त्यानुसार लैंगिक अत्याचारातून राहिलेला गर्भ चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने काढता येतो. म्हणजे त्या सकाळी त्याच्या हाती दोन आठवडे होते. त्याला गर्भ ठेवायचा होता की नव्हता, हे मला ठाऊक नाही. कारण ते त्याला कोणी विचारलेच नाही, तेथपर्यंत गोष्ट पोहोचली नाही. नऊ आठवड्यांनी तो परत आला तो रात्री, रुग्णवाहिकेतून, एका दुसऱ्याच रुग्णालयात. हिमोग्लोबिन सात ग्रॅमच्या खाली गेलेले होते. दिवस भरण्याच्या दोन महिने आधी बाळ जन्मले, वजन दीड किलोच्या आसपास. मधले नऊ आठवडे तो कोठे होता, हे त्याने आजवर कोणाला सांगितलेले नाही.

शब्दांआड राहिलेली माणसे

आपल्या भाषेत ‘तृतीयपंथी’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर सिग्नलवर टाळ्या वाजवणारी, साडी नेसलेली व्यक्ती उभी राहते. तिला गर्भ राहणे शक्यच नाही; मग पारलिंगी व्यक्तींच्या बाळंतपणाचा प्रश्न आला कोठून, असे पुष्कळ सुशिक्षित माणसेही विचारतात. उत्तर सरळ आहे. ज्यांना जन्मत: मुलगी मानले गेले पण जे स्वत:ला पुरुष मानतात, किंवा स्त्री आणि पुरुष या दोहोंपैकी काहीच मानत नाहीत, अशीही माणसे आहेत. त्यांना गर्भाशय असते आणि म्हणून गर्भ राहू शकतो. ती टाळ्या वाजवत नाहीत, त्यांची घराणी आणि गुरू नाहीत. म्हणून ती आपल्याला दिसत नाहीत. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ म्हणून नोंद झालेल्यांची संख्या देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ होती. परंतु त्या वेळी कुटुंबप्रमुखाने जे सांगितले ते प्रगणकाने लिहून घेतले. मुलगा होऊ पाहणाऱ्या लेकीची नोंद कोणता बाप ‘इतर’ म्हणून करील?

हिजड्यांच्या समुदायात शोषण नाही असे नव्हे. पण पळून आलेल्या पोराला तेथे निदान एक दार तरी असते. पारलिंगी पुरुषाला तेही नाही. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, चेहऱ्यावर दुसरे. नोकरी देणारा कागद मागतो, खोली देणारा कागद मागतो, आणि कागद दाखवला की दोन्ही जातात. ज्याला कागद न मागता काम आणि आसरा देऊ करणारा फक्त दलालच भेटतो, तो दलालाबरोबर जातो. एम.ए.च्या वर्गात आम्ही ‘पर्यायांचा अभाव’ म्हणून जे शिकवतो ते हेच.

या धंद्यात पैसा किती आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती. त्यांपैकी ६३ लाखांवर देहविक्रीची सक्ती होती. त्याच संघटनेने २०२४ मध्ये सक्तीच्या श्रमातून मिळणारा बेकायदा नफा वर्षाला २३६ अब्ज डॉलर इतका काढला, आणि त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश वाटा लैंगिक शोषणाचा असल्याचे म्हटले. जेथे बंदर, ट्रकचे तळ, घाऊक बाजार आणि घरापासून दूर राहणाऱ्या मजुरांच्या छावण्या एकत्र येतात तेथे हा बाजार भरतो, हे जगभर दिसते. सिडकोने १९७० पासून आखलेल्या आपल्या नियोजनबद्ध शहराच्या आराखड्यात हा बाजार कोठेही दाखवलेला नव्हता. तरी न्हावा शेवा, कृषी उत्पन्न बाजार, ठाणे-बेलापूर पट्टा आणि शीव-पनवेल महामार्ग यांच्या सावलीत तो उभा राहिला. कामाठीपुऱ्यात १९८६ मध्ये काम सुरू करणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेला पुढे तुर्भ्यातही मुलांसाठी केंद्र काढावे लागले, ते उगीच नव्हे. आता विमानतळही आला.

कायदा काय शोधायला सांगतो

या बाबतीत आपले कायदे वाचताना एक गोष्ट मनात रुतून बसली. १९५६ चा अनैतिक व्यापाराविषयीचा कायदा १९८६ मध्ये बदलण्यात आला आणि तेथे ‘स्त्री किंवा मुलगी’ऐवजी ‘व्यक्ती’ हा शब्द आला. चाळीस वर्षांपूर्वी संसदेने दाखवलेली ही दूरदृष्टी खरोखर वाखाणण्यासारखी होती. त्याच दुरुस्तीने कलम १५ मध्ये एक पोटकलम घातले: सोडवलेल्या व्यक्तीला दंडाधिकाऱ्यापुढे आणल्यावर तिची वैद्यकीय तपासणी व्हावी. कशासाठी? तिचे वय ठरवण्यासाठी, अत्याचाराच्या जखमा शोधण्यासाठी, आणि लैंगिक आजार आहेत का हे पाहण्यासाठी. वय हवे खटल्यासाठी, जखमा हव्या पुराव्यासाठी, आजार हवा इतरांच्या रक्षणासाठी. ज्याचे शरीर तपासायचे त्याच्यासाठी काय हवे, याचा त्या तीन हेतूंत उल्लेख नाही. गर्भ आहे का, असल्यास त्या व्यक्तीची इच्छा काय, हा प्रश्न त्या यादीत नाही.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात पारलिंगी व्यक्तींचे अस्तित्व मान्य केले आणि रुग्णालयांत त्यांच्या उपचारांची सोय करण्याचे आदेश केंद्राला व राज्यांना दिले. त्यानंतर पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, कायदा झाला. त्याचे पंधरावे कलम आरोग्याविषयी होते. एचआयव्हीच्या पाहणीची केंद्रे, लिंगबदलाची शस्त्रक्रिया, संप्रेरकांचे उपचार, समुपदेशन, विमा, वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार, हे सारे त्यात आले. गर्भधारणा आणि प्रसूती हे शब्द तेवढे आले नाहीत. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरही ती सिग्नलवरचीच व्यक्ती असावी.

फौजदारी कायद्याची तऱ्हा याहून चमत्कारिक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराची व्याख्या पुरुषाने स्त्रीवर केलेला अपराध अशीच राहिली. जुन्या दंडसंहितेतील कलम ३७७ गेले, त्याच्या जागी काही आले नाही. २०१९ च्या कायद्यात पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठेवण्यात आली. बलात्काराला किमान दहा वर्षे. तेव्हा आपल्या कथेतील तरुणाने काय करायचे? फिर्यादीत ‘मी स्त्री आहे’ असे लिहून दिले तर आरोपीला दहा वर्षे. ‘मी पुरुष आहे’ या आपल्या शब्दावर तो ठाम राहिला तर प्रकरण दुबळे. आपल्या राज्याची २०१३ ची मनोधैर्य योजना महिला आणि बालके यांच्यासाठी. म्हणजे अर्थसाहाय्यासाठीही पुन्हा तेच. ओळख सोडा आणि न्याय घ्या, किंवा ओळख ठेवा आणि घरी जा, असा हा सौदा आहे.

न्यायालये मात्र या बाबतीत विधिमंडळांच्या पुढे गेली आहेत. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात न्या. चंद्रचूड, न्या. बोपण्णा आणि न्या. पारडीवाला यांच्या पीठाने सुरुवातीलाच स्पष्ट केले की गर्भपाताच्या संदर्भात ‘स्त्री’ हा शब्द आपण ज्यांना ज्यांना सुरक्षित गर्भपाताची गरज पडेल अशा इतर व्यक्तींनाही धरून वापरत आहोत. त्याच निकालाने असेही सांगितले की अत्याचारातून राहिलेला गर्भ काढण्यासाठी पोलिसांत गुन्हा नोंदलेला असण्याची अट घालता येणार नाही. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात तर न्यायालयाने ‘गर्भवती व्यक्ती’ असाच शब्द योजला आणि पारलिंगी पुरुषांनाही गर्भ राहतो याची नोंद केली. गर्भपातासाठी सज्ञान व्यक्तीची स्वत:ची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही, हे तर मूळ कायद्यातच आहे. तरीही केसपेपरच्या खिडकीपर्यंत यातले काय पोहोचले? दिल्लीचा निकाल नवी मुंबईच्या खिडकीशी येईपर्यंत त्याची झेरॉक्सची झेरॉक्स होते आणि अक्षर पुसट होत जाते.

सुटका म्हणजे काय

महाराष्ट्राला या विषयाचा एक जुना धडा आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कुंटणखान्यांवर मोठे छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली सोडवण्यात आल्या. त्यांत नेपाळच्या मुली पुष्कळ होत्या. वर्तमानपत्रांत सुटकेच्या बातम्या आल्या. मग त्या मुली शासकीय गृहांत महिनोन्‌महिने राहिल्या. त्यांच्या रक्ताच्या चाचण्या झाल्या, पण त्यांना काय हवे आहे हे विचारण्याची रीत तेव्हा नव्हती. मायदेशी परतल्यावर त्यांच्यापैकीच काही जणींनी ‘शक्ती समूह’ ही संस्था उभी केली. २०१३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि सोडवलेल्या माणसाला आपले म्हणणे असते हे जगाने मान्य केले. एचआयव्हीची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही असे सांगणारा कायदा आपल्याकडे त्यानंतर २०१७ मध्ये झाला.

त्याहून जुना एक धडा पुण्याचा. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या, बळजबरीने गरोदर राहिलेल्या विधवांना तेथे येऊन गुप्तपणे बाळंत होता येत असे. मूल न्यावे की ठेवावे हे ज्याचे त्याने ठरवायचे. त्या गृहाची थोरवी केवळ धाडसात नव्हती. ती व्यवस्थेत होती. आत येण्याची अट कोणती, तर कोणतीही नाही. त्या काळी विधवेच्या गर्भाला समाजाच्या कागदावर चौकोनच नव्हता. जोतीरावांनी समाजाचा कागद बदलण्याची वाट पाहिली नाही, कागद न मागणारे दार उघडले. त्याच गृहात जन्मलेल्या एका मुलाला या दांपत्याने दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या तेव्हा तो त्या कामात त्यांच्याबरोबर होता.

संततिनियमनाचे केंद्र १९२१ मध्ये मुंबईत काढणारे रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते, आणि त्या कामापायी त्यांना महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. शरीराविषयी स्पष्ट बोलण्याची किंमत आमच्या व्यवसायातील माणसाने पूर्वी दिलेली आहे. आज एवढी किंमत कोणी मागत नाही. मागितलाच तर सहकाऱ्यांच्या खोलीत थोडा हशा.

‘अशी किती माणसे असणार?’

त्या खोलीतच एका सहकाऱ्याने मला विचारले, ‘अहो, अशी असून असून किती माणसे असणार? रक्तक्षयाने मरणाऱ्या लाखो बाया आधी पाहा.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. संख्या थोडी असेल, हे मान्य. पण जे मागितले जाते आहे त्याचा खर्च त्याहूनही थोडा आहे. नवे रुग्णालय नको, नवे यंत्र नको. केसपेपरवर तिसरा चौकोन आणि ‘कोणत्या नावाने हाक मारू?’ अशी एक ओळ. नाव रांगेत न ओरडता टोकन क्रमांकाने बोलावणे. तपासणीसाठी पडदा ओढलेली खोली. ‘नवऱ्याचे नाव’ऐवजी ‘सोबत कोण आहे’ हा प्रश्न. यांतील प्रत्येक गोष्ट कुमारी मातेला, नवऱ्याने टाकलेल्या बाईला, देहविक्रय करणाऱ्या स्त्रीलाही हवीच आहे. लाखो बायांच्या तोंडचा घास काढून मूठभरांना द्यावा असा हा व्यवहार नव्हे.

दुसऱ्या बाजूला न केलेल्या तपासणीचा खर्च मांडून पाहा. गरोदरपणी रक्ताची एक तपासणी आणि पेनिसिलिनचे एक स्वस्त इंजेक्शन बाळाला जन्मजात उपदंशापासून वाचवते. तीच संधी हुकली तर मूल मृत जन्मते किंवा आयुष्यभराचे पंगुत्व घेऊन येते. आईला एचआयव्ही असेल तर वेळेवर सुरू केलेल्या गोळ्यांनी बाळाला संसर्ग होण्याची शक्यता अगदी अल्प उरते. लोहाच्या गोळ्या सरकार फुकट वाटते. त्या वेळेवर पोटात गेल्या असत्या तर दीड किलोच्या त्या बाळाला नवजात अतिदक्षता कक्षात कदाचित इतके आठवडे राहावे लागले नसते. आणि त्या कक्षातील एका दिवसाच्या खर्चात खिडकीवरच्या साऱ्या कागदांची नवी छपाई निघाली असती. हा हिशेब करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

उपचार फुकट केले की गरीब येतील, असे आपण धरून चालतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून नि:शुल्क झाले, हा निर्णय उत्तमच होता. पण केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की ही सेवा इतर वस्तूंसारखी नाही. येथे ग्राहकाला माल पारखता येत नाही, म्हणून सारा व्यवहार विश्वासावर चालतो. ज्याला लॉजच्या खोलीत कोंडले गेले होते त्याच्याजवळ विश्वासाची शिल्लक मुळात किती? रांगेतील एका हशाने ती संपते. केसपेपर फुकट असला तरी खिडकीशी मोजावी लागणारी अप्रतिष्ठा ही किंमतच आहे, आणि तो तरुण ती मोजू शकला नाही. म्हणून ओळखीचा मान राखणे हा उपचारावरचा अलंकार नव्हे, उपचाराचाच पहिला भाग आहे.

वैद्यकीय बाजूही डॉक्टरांनी समजून घेतली पाहिजे. पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शने घेणाऱ्याची पाळी पुष्कळदा थांबते. पाळी नाही म्हणजे गर्भ राहणार नाही, असा समज मग रुग्णाचाही होतो आणि कधी डॉक्टरांचाही. तो चुकीचा आहे. ही इंजेक्शने म्हणजे गर्भनिरोधक नव्हेत. गर्भ राहिलाच तर ती थांबवावी लागतात, कारण गर्भाला त्यांपासून अपाय होऊ शकतो. आणि ती थांबवली की मनावर परिणाम होतो, तेव्हा कोणीतरी जवळ बसून बोलणारे लागते. पोटाची तपासणी हीच ज्याला अत्याचाराची आठवण करून देते, त्याला हात लावण्यापूर्वी विचारावे लागते. अत्याचारानंतर ७२ तासांच्या आत एचआयव्ही टाळणारी औषधे सुरू करता येतात, पण त्यासाठी त्याने ७२ तासांच्या आत दार ठोठावले पाहिजे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये लैंगिक अत्याचारग्रस्तांच्या तपासणीसाठी जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत पारलिंगी व्यक्तींविषयी स्वतंत्र विवेचन आहे. सूत्रे चांगली आहेत. किती रुग्णालयांच्या तपासणी खोलीत ती हाताशी ठेवलेली असतात, हे वाचकांनी आपापल्या गावी जाऊन पाहावे. अभ्यासक्रमाचे म्हणाल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ मध्ये पाठ्यपुस्तकांतील अपमानास्पद मजकूर टाळण्यास सांगितले, २०२४ मध्ये त्यातला काही पुन्हा अभ्यासक्रमात आणला आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घेतला. शिकवणाऱ्यांचेच असे असेल तर सिस्टरांना काय बोल लावावा?

‘आई’ शब्दाची काळजी

आणखी एक आक्षेप पुष्कळदा कानी येतो: या थोड्या माणसांसाठी ‘आई’ हा पवित्र शब्द पुसून टाकायचा काय? जननी सुरक्षा योजना, मातृ वंदना योजना, सुरक्षित मातृत्व अभियान, आपल्या साऱ्या योजनांची नावे आईभोवती फिरतात, आणि त्यात वावगे काही नाही. इंग्लंडमध्ये ब्रायटन येथील रुग्णालयांनी २०२१ मध्ये याच प्रश्नावर नियम केले, तेव्हा तेथेही असाच गदारोळ झाला. प्रत्यक्ष नियम पाहिले तर त्यांनी ‘आई’ शब्द कोठेही पुसला नव्हता. त्याच्या शेजारी दुसरा शब्द ठेवला होता. आलेल्या बाईला आई म्हणा, आलेल्या पुरुषाला तो म्हणेल ते म्हणा. मराठी घरात आत्या, मावशी, काकू, माई, अक्का, ताई अशी शेकडो संबोधने सुखाने नांदतात. एकाची भर पडल्याने दुसरे मेल्याचे कोणी ऐकले आहे काय?

ओळखपत्राचा आग्रह हा याहून खरा अडसर आहे. २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली पारलिंगी व्यक्तींना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा करार झाला, तो स्वागतार्हच. पण दलालाच्या तावडीतून सुटलेल्याचे कागद बहुधा दलालाकडेच राहिलेले असतात. प्रमाणपत्र मिळेपर्यंत गर्भ थांबत नाही. बाळंतपण आणि अत्याचारानंतरचे उपचार यांसाठी कोणत्याही ओळखीचा, कोणत्याही दाखल्याचा पुरावा मागू नये, एवढे एक परिपत्रक नवी मुंबई आणि पनवेल या दोन महापालिकांना आपापल्या अधिकारात आजही काढता येईल. त्यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. सुटका करणाऱ्या पोलिस पथकाने रुग्णालयाला आधी कळवावे आणि तेथे एक ठरलेली परिचारिका असावी, हेही तितकेच सोपे आहे. मुंबईत बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात घरगुती अत्याचाराने पीडित स्त्रियांसाठी ‘दिलासा’ हे केंद्र महापालिका आणि ‘सेहत’ संस्था यांनी पंचवीस वर्षांपूर्वी उभे केले. रुग्णालयाच्या आतच असे केंद्र चालू शकते, याचा पुरावा खाडीपलीकडे डोळ्यांसमोर आहे.

त्या बाळाविषयी दोन शब्द सांगून थांबतो. बाळ वाढीला लागले होते. ते ठेवायचे की बाल कल्याण समितीच्या स्वाधीन करायचे, हे तो तरुण ठरवत होता. स्वाधीन केल्यावरही फेरविचाराला साठ दिवस मिळतात, हे विद्यार्थिनीने त्याला समजावून सांगितले होते. तेवढ्यात जन्मनोंदीची एकवीस दिवसांची मुदत जवळ आली आणि तिचा पुन्हा फोन आला. अर्जावर ‘मातेचे नाव’ असा रकाना होता. त्यात स्वत:चे नाव लिहायला तो तयार होता, पण ‘माता’ या शब्दाखाली नव्हे. २०२३ मध्ये कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एका पारलिंगी पुरुषाने बाळाला जन्म दिला होता, आणि २ जून २०२५ रोजी केरळ उच्च न्यायालयाने त्या बाळाच्या दाखल्यावर माता-पित्याऐवजी ‘पालक’ असे लिहिण्याचा आदेश दिला होता. मी त्या निकालाची बातमी छापून घेतली आणि नोंदणी करणाऱ्या कारकुनाला नेऊन दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, ‘सर, हा केरळचा आहे. आपल्याकडचा असेल तर आणा.’